वजाबाकीतलं डांबर

वाचकांचे प्रश्न : रस्ते आणि बांधकाम साहित्य

प्रश्न : ताई, नमस्कार. डिप्लोमा झाल्यावर सहा महिन्यांपूर्वी मी गारगोटी रस्त्याकडच्या एका हॉटमिक्स प्लांटवर लॅबमध्ये लागले. आमच्याकडे हातानं फिरवायचा सेंट्रिफ्यूज एक्स्ट्रॅक्टर आहे, म्हणजे बाऊलमधल्या मिश्रणातलं डांबर सॉल्व्हेंटमध्ये (विरघळवणाऱ्या द्रवात) विरघळवून, गरगर फिरवून बाहेर काढणारं यंत्र. जॉब मिक्समध्ये (कामासाठी मंजूर झालेल्या मिश्रणाच्या प्रमाणात) डांबर ५.२ टक्के, पण माझं उत्तर रोज ५.८ नाहीतर ५.९ येतं. प्लांटवाले म्हणतात, आम्ही ५.२ नंच सोडतोय, टाकीची नोंद बघा. सुपरवायझर म्हणतात, "यंत्र हाताचं, उत्तर असंच येणार. ५.३ लिही आणि सही कर." कालची वजनं अशी : नमुना १०००.० ग्रॅम, धुऊन वाळवलेली खडी ९३८.४ ग्रॅम, फिल्टरच्या कड्याचं (बाऊलच्या काठावर बसवतात त्या गोल गाळणीचं) वाढलेलं वजन ३.२ ग्रॅम. नक्की कोण चुकतंय?
— लॅब असिस्टंट, भुदरगड तालुका

उत्तर : पोरी, आधी एक सांगते. सही केली नसशील तर करू नकोस. पुढचं सगळं त्यानंतर.

तू वजनं लिहून पाठवलीस म्हणून तुझा प्रश्न सुटण्यासारखा आहे. नुसता "५.८ येतं" असं लिहिलं असतंस तर मला काहीच सांगता आलं नसतं. तुझी वजाबाकी करून बघितली. ९३८.४ आणि ३.२ मिळून ९४१.६. हजारातून गेले, राहिले ५८.४. म्हणजे ५.८४ टक्के. गणित बरोबर आहे, पण त्यात एक वजन कमी आहे.

या चाचणीत डांबर कुणीच तोलत नाही, हे आधी मनात पक्कं कर. नमुना तोलतो, धुतलेली खडी तोलतो, कड्याला चिकटलेली पूड तोलतो, आणि जे उरत नाही त्याला डांबर म्हणतो. त्यामुळे वाटेत जे काही हरवेल ते सगळं डांबराच्या खात्यावर जमा होतं. ओल उडाली, डांबर. ट्रेमधून घमेल्यात ओतताना चिमूटभर कच सांडली, तीही डांबर. फिल्टरमधून बारीक फिलर, म्हणजे पोकळ्या भरायला मिश्रणात घातलेली पूड, निसटून खालच्या भांड्यात गेला, तोही डांबर. मी एकोणतीस वर्षं कोल्हापुरातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये हे हँडल फिरवलं. उत्तर जास्त आलं की मी पहिल्यांदा खालचं काळं पाणी तपासायची.

तुझी चूक तिथंच असणार. फिल्टरचं कडं मोठी पूड अडवतं, पण पंचाहत्तर मायक्रॉनच्या खालची धूळ, म्हणजे आपण घातलेला फिलर आणि क्रशरच्या डस्टमधलं पीठ, काही प्रमाणात त्यातून जातंच. ती धूळ काळ्या द्रावणात तरंगत असते, डोळ्याला दिसत नाही. म्हणून चौथं वजन घ्यायचं असतं : द्रावणातल्या पुडीचं.

ते असं. धुणं संपलं की सगळं द्रावण एका मापाच्या भांड्यात गोळा कर आणि किती मिली आहे ते लिही. समज १८०० मिली झालं. ते चांगलं ढवळ, तळाला पूड बसू देऊ नकोस, आणि लगेच त्यातलं १०० मिली वजन केलेल्या सिलिकाच्या वाटीत घे. वाफेवर तापणाऱ्या शेगडीवर (स्टीम बाथ), जाळावर नाही, हवेशीर जागी, सॉल्व्हेंट उडवून टाक. मग मफल भट्टीत मंद लाल होईपर्यंत, पाचशे ते सहाशे अंशांवर जाळ. राहिलेली राख थंड झाली की तिच्यावर अमोनियम कार्बोनेटचं संपृक्त द्रावण घाल, दर ग्रॅम राखेला पाच मिली या हिशेबानं. तासभर ठेव, शंभर अंशांवर वाळव आणि तोल. जळताना पुडीतल्या कार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो, तो परत भरून काढण्यासाठी हे अमोनियम कार्बोनेट. राख ०.३४ ग्रॅम निघाली तर १८ नं गुणायचं : ६.१ ग्रॅम. आता तुझी वजाबाकी पुन्हा मांड. ५८.४ मधून ६.१ गेले, राहिले ५२.३. म्हणजे ५.२३ टक्के. तुझा प्लांटवाला कदाचित खरंच बोलतोय.

हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत, तुझी राख तूच मोजायची. पण एक खूण तुझ्याजवळ आत्ताच आहे. धुतलेल्या खडीची चाळणी केलीस ना? पंचाहत्तर मायक्रॉनमधून जाणारा भाग जॉब मिक्सपेक्षा अर्धा-पाऊण टक्का कमी येत असेल, तर हरवलेली पूड कुठं गेली ते तुला कळलंच. डांबर जास्त आणि फिलर कमी, ही जोडी एकत्र दिसली की दोन्ही आकडे एकाच भोकातून गळालेत असं समज.

साइटवर मफल भट्टी नसते, मला माहीत आहे. मग द्रावण उंच, अरुंद भांड्यात झाकण लावून रात्रभर स्थिर ठेव. सकाळी वरचं हलक्या हातानं ओत आणि तळचा गाळ वजन केलेल्या बारीक फिल्टर पेपरवर घेऊन, स्वच्छ सॉल्व्हेंटनं धुऊन, वाळवून तोल. यात अगदी बारीक पीठ थोडं निसटतं. म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा तेच द्रावण भट्टी असलेल्या लॅबमध्ये पाठवून दोन्ही पद्धतींतला फरक बघून ठेव. खडी तीच, फिलर तोच, तर फरकही साधारण तोच राहतो.

आता पूड इतकी का गळते तेही बघ. कडं कशाचं वापरतेस? टीपकागदाची शीट आणून कात्रीनं कापलेली कडी मी साइटवर पाहिली आहेत. तो कागद सॉल्व्हेंटनं सैल होतो आणि काठाशी फाटतो. यंत्राच्या मापाचंच कडं हवं, एका चाचणीला एकच, आणि आधी ओव्हनमध्ये वाळवून तोललेलं. दुसरं, बाऊलचा काठ. त्यावरून बोट फिरव. कुठं पोचा, कुठं खरचटलेलं लागलं तर पूड तिथूनच पळते. आमच्या बाऊलचा काठ एकदा असाच बसला होता. शिवाजी उद्यमनगरातल्या एका इंजिनवाल्या कारागिरानं काचेच्या जाड तुकड्यावर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून तो इतका सपाट करून दिला की पुढची नऊ वर्षं बघावं लागलं नाही. ज्या गावानं शेतकऱ्याला ऑइल इंजिनं पुरवली त्या गावात हे काम करणारा हात शोधावा लागत नाही.

तिसरं, तुझा हात. हँडल एकदम जोरात मारायचं नाही. सुरुवात अगदी संथ, धार सुरू झाली की हळूहळू वेग वाढव. मोटरच्या यंत्राला मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत नेतात. हातानं तिथवर पोचण्याची गरज नाही, पण वेग एकसारखा हवा आणि धार थांबेपर्यंत फिरवत राहायला हवं. दोघं असाल तर हात बदला, पण फिरता फिरता बदला, थांबवून नाही. पहिल्या वेळी सॉल्व्हेंट नमुना बुडेल इतका घाल आणि मिश्रण सुटं होईपर्यंत ठेव, तासाभरापेक्षा जास्त नाही. त्यानंतर दर वेळी दोनशे मिलीच्या आसपास, असं कमीत कमी तीनदा. पहिली धार काकवीसारखी असते. मग कोऱ्या चहासारखी. गव्हाच्या वाळलेल्या काडाचा रंग आला की थांब, आधी नाही. इथं घाई केलीस तर चूक उलट्या बाजूला जाते : डांबर खडीवर राहतं आणि उत्तर कमी येतं. खडी नीट वाळली नाही, तिच्यात सॉल्व्हेंट राहिला, तरी कमीच येतं. पूड गळून जास्त, धुणं अपुरं म्हणून कमी, आणि दोन्ही चुका मिळून अगदी बरोबर ५.२, असंही मी पाहिलं आहे. त्या बरोबर आलेल्या उत्तरावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे.

ओलीचंही बघ. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये डांबराला जॉब मिक्सच्या वरखाली ०.३ टक्क्याची सूट आहे. एक किलो नमुन्यात ०.३ टक्के म्हणजे तीन ग्रॅम. फक्त तीन ग्रॅम! मे महिन्याच्या शेवटी वळीव पडून खडीचे ढीग भिजलेले असतात आणि ड्रायर घाईत चालवला तर तेवढी ओल मिश्रणात सहज राहते. वेगळ्या नमुन्यावर ओल काढून ती वजा कर. आणि तुझा काटा पाच-पाच ग्रॅमच्या उड्या मारणारा असेल तर तो भाजीमंडईत शोभेल, लॅबमध्ये नाही. नमुन्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा आणि राखेसाठी त्याहून बारीक काटा माग. लेखी माग.

सुपरवायझरसाहेबांना माझा निरोप सांग. हाताच्या यंत्राचं उत्तर "असंच" येत नाही. मोटर हँडलची जागा घेते, वजनांची नाही. तुझ्या रजिस्टरमध्ये टक्केवारीच्या आधी चारही वजनं लिहीत जा, शाईनं. टक्केवारी कुणी बदलायला सांगू शकतो. चार वजनं बदलून वजाबाकी परत जुळवायला मात्र बसून खोटं रचावं लागतं, आणि ते करायला सहसा कुणी धजत नाही.

प्रश्न : ताई, आमच्या भागातल्या जिल्हा मार्गावर मार्चमध्ये तीन सेंटिमीटरचा डांबरी थर झाला. ऑगस्टमध्ये खडी सुटून कडेला गोळा झाली. माहिती मागवली तर अहवालात डांबर ५.३ टक्के, "योग्य". शिवाय नियमात किमान ५.४ आहे असं ऐकलं, आणि मंजूर जॉब मिक्स मात्र ५.१ चं. आधी मंजुरीतच चोरी आणि मग अहवालही खोटा, असं आम्ही धरायचं का?
— ग्रामपंचायत सदस्य, पन्हाळा तालुका

उत्तर : तुमचा राग समजतो. त्या रस्त्यावरून दूध डेअरीला जातं आणि पोरं शाळेला जातात. पण चोरी कुठं झाली ते नीट पकडायचं तर आधी जिथं झाली नाही ती जागा सोडून द्यावी लागेल.

५.१ च्या मंजुरीत चोरी असेलच असं नाही. मंत्रालयाच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत अशा बारीक खडीच्या बिटुमिनस काँक्रीटला किमान ५.४ टक्के डांबर आहे, हे तुम्ही बरोबर ऐकलंत. पण तक्त्याखाली एक टीप आहे : हा आकडा २.७ विशिष्ट गुरुत्वाच्या, म्हणजे पाण्याच्या २.७ पट जड, खडीसाठी आहे, खडी त्याहून जड असेल तर त्या प्रमाणात कमी करता येतो. आपली खडी दख्खनचा काळा दगड, बसाल्ट. तो २.८ ते २.९ च्या घरात भरतो. खडी २.८६ ची धरली तर ५.४ गुणिले २.७ भागिले २.८६, म्हणजे जेमतेम ५.१. कारण सरळ आहे. डांबर लागतं ते दगडाच्या पृष्ठभागाला, आणि आपण टक्का काढतो तो वजनाचा. जड दगडाच्या एका किलोत पृष्ठभाग कमी येतो. तुम्ही फक्त एवढं विचारा : खडीचं विशिष्ट गुरुत्व कुणी, कधी, कोणत्या खाणीच्या खडीवर मोजलं? तो कागद नसेल तर ५.१ ला आधार नाही.

आता अहवाल. ५.३ हे ५.१ च्या वरखाली ०.३ ची जी सूट आहे तिच्यात बसतं. तो अहवाल खरा असूनही रस्ता उखडू शकतो, हे सांगायला मला आनंद होत नाही. एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे डांबर धुऊन काढायची ही चाचणी, डांबर किती आहे ते सांगतं, कसं आहे ते सांगत नाही. प्लांटवर जास्त तापवून करपवलेलं डांबरही सॉल्व्हेंटमध्ये विरघळतं आणि वजाबाकीत पूर्ण भरतं. थंड झालेलं मिश्रण पसरून रोलर फिरवला, दाबलं गेलं नाही, पाणी शिरायला वाट राहिली, तरी डांबराचा टक्का तोच. व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचं मिश्रण १५० ते १६५ अंशांना बनवायचं, पसरताना किमान १४० आणि दाबताना किमान ९० असावं असा नियम आहे. डंपर घाट चढून येईपर्यंत किती राहिलं होतं, त्याची नोंद मागा. तापमानाचं रजिस्टर आहे का, आणि सगळ्या डंपरांना एकसारखं १५५ लिहिलंय का, ते बघा.

पाण्यानं डांबर दगडावरून सुटतं का, याची चाचणी तर तुम्ही डोळ्यानं बघू शकता. भारतीय मानक आयएस ६२४१. डांबर लावलेली खडी पाण्यात ४० अंशांवर चोवीस तास ठेवतात आणि किती भागावर डांबर टिकलं ते बघतात. ९५ टक्के तरी टिकायला हवं. मशीन लागत नाही, भांडं, पाणी आणि तापमान धरून ठेवणारी पेटी लागते. गगनबावड्याकडच्या पावसात जिथं रस्ते चार महिने भिजत असतात तिथं ही चाचणी कामाच्या आधी झाली होती का, हे डांबराच्या टक्क्याइतकंच महत्त्वाचं. खडी धुळीनं माखलेली असली तर डांबर धुळीला चिकटतं, दगडाला नाही. पहिल्या पावसात धूळ आणि डांबर दोन्ही निघतात.

आणि नमुना कुठला होता? अहवालात बघा, "प्लांटवरून" की "रस्त्यावरून". चिवड्याचा डबा घ्या. हलवला की पोहे वर, तिखटमीठ तळाला. डंपरमध्ये भरलेल्या मिश्रणाचंही तेच होतं. मोठी खडी घरंगळून ढिगाच्या पायथ्याशी येते. डांबर जास्त असतं ते बारीक कचेत, कारण तिचा पृष्ठभाग जास्त. पायथ्याचं फावडं घेतलं तर डांबर कमी येतं, मधलं बारीक उचललं तर जास्त. प्रामाणिक माणूससुद्धा फावडं चुकीच्या जागी मारून चुकीचा अहवाल देतो. नमुना तीन-चार जागांवरून, वरचा थर बाजूला सारून घ्यायचा, पत्र्यावर एकत्र करून ढीग करायचा, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत हवं तेवढं ठेवायचं. एकोणीस मिलिमीटर खडीच्या मिश्रणाला दोन किलो नमुना लागतो. हाताच्या यंत्राचा बाऊल साधारण दीड किलोचा, त्यामुळे तो दोन वेळा करून बेरीज घ्यावी लागते. रजिस्टरमध्ये पाचशे ग्रॅमचा एकच नमुना दिसला तर तेवढ्यावर प्रश्न विचारता येईल.

आता तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, आणि ती लवकर करा. न उखडलेल्या भागातून रस्त्याचा तुकडा कापून मागा, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर, फोटो काढून, पिशवी सील करून. तुकडा भट्टीत ११० अंशांच्या आसपास फक्त सैल होईपर्यंत गरम करायचा, कापताना फुटलेली कडेची खडी काढून टाकायची आणि मग एक्स्ट्रॅक्शन करायचं. फुटलेल्या खडीला डांबर न लागलेले नवे तोंड असते, आणि चाळणीतही ती उगाच बारीक दिसते. त्याच तुकड्याची घनताही काढायला सांगा. माझा अंदाज विचाराल तर गडबड डांबराच्या मापात नसून घनतेत सापडेल. पण अंदाज म्हणजे निकाल नव्हे, तुकडा कापल्याशिवाय कुणावर बोट दाखवू नका.

प्रश्न : बाई, तुम्ही मला ओळखाल, तीस वर्षं कंत्राटदाराकडं मुकादमी केली. आमच्या वेळी एक्स्ट्रॅक्शनला पेट्रोल वापरायचो, धुणं झकास व्हायचं. आता हे नवीन पोरं ट्रायक्लोरोएथिलीन मागतात, महाग. पेट्रोलनं काय वाईट होतंय?
— वाचक, कागल

उत्तर : दादा, तुमच्याशी मोकळेपणानं बोलते. पेट्रोलनं धुणं होतं, यात शंका नाही. पण पेट्रोलची वाफ शून्याच्या कितीतरी खाली असलेल्या तापमानालाही पेट घेऊ शकते. यंत्राचं हँडल फिरतंय, पलीकडं कुणी बिडी ओढतंय, भिंतीवर ओव्हनचा थर्मोस्टॅट टिकटिक करतोय. एका साइटवर पेट्रोलनं भिजलेली खडी तशीच ओव्हनमध्ये ठेवली आणि ओव्हनचं दार उडून समोरच्या भिंतीवर आदळलं. ट्रे ठेवून पोरगा दोन पावलं मागं आला होता म्हणून वाचला. त्याच्या हातावरचे डाग मी पाहिले आहेत. खडी कोणत्याही सॉल्व्हेंटनं धुवा, आधी ती बाहेर हवेवर, वास जाईपर्यंत वाळवायची आणि मगच ओव्हनमध्ये ठेवायची.

पण ट्रायक्लोरोएथिलीन म्हणजे सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही, आणि हे मला पोरांना जास्त सांगायचं आहे. ते पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून त्याची भीती वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. बेंझिनही त्याच गटात. जुन्या पुस्तकांत कार्बन टेट्राक्लोराइड लिहिलेलं असतं, ते ओझोनच्या थरामुळं जगानं बंद केलं. आणि ट्रायक्लोरोएथिलीनची वाफ शेगडीच्या जाळावर किंवा तापलेल्या कॉइलवर गेली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जिन हे विषारी वायू तयार होतात. म्हणून जवळ जाळ नको, हे त्यालाही लागू.

मी सुरुवातीला बेंझिन वापरलं. कुणी सांगितलं नव्हतं. एका जुलैत बाहेर असा पाऊस लागला होता की रंकाळ्याकडून येणारं वारं खिडकीतून पाणी आत मारत होतं, म्हणून आम्ही खिडक्या, दार सगळं लावून घेतलं. तीन नमुने सलग केले. तिसऱ्याच्या शेवटी मला हँडल दिसेना. मी टेबल धरून खाली बसले आणि मग कुणीतरी दार उघडलं. तेव्हा माझी धाकटी पोटात होती. ती आज धडधाकट आहे. पण त्या दिवसाची आठवण आली की मी अजून उठून खिडकी उघडते, इतकी भीती माझ्या अंगात बसली. त्या लॅबला दोष देऊन मी मोकळी होऊ शकते, पण ज्यांनी मला बेंझिन दिलं तेही तेच हुंगत होते.

तेव्हा पोरांना एवढं नक्की द्या. यंत्र पडवीत किंवा धुराड्याखाली, वाऱ्याला पाठ करून. वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, खालूनही हवा जायला हवी. औषधाच्या दुकानातले पातळ हातमोजे यात मऊ पडतात आणि आत झिरपतं, सॉल्व्हेंटचे म्हणून मिळतात तेच हातमोजे घ्या. साधा कापडी मास्क वाफ अडवत नाही. गरोदर मुलीला या टेबलापाशी उभं करू नका, कितीही काम अडू दे.

आणि उरलेलं काळं द्रावण प्लांटच्या मागच्या चरात ओतायचं नाही. हे आमच्याकडूनही झालं आहे, मी कबूल करते. ट्रायक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड. ते विहिरीच्या पाण्यावर तरंगत नाही, खाली जाऊन बसतं आणि तिथं राहतं. ८७ अंशांना उकळतं, त्यामुळे नीट उपकरण असलेल्या लॅबला ते गाळून, म्हणजे उकळून वाफ थंड करून, परत वापरता येतं. नाहीतर बंद ड्रममध्ये साठवून घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत ठिकाणी द्यायचं. संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून केलेले सॉल्व्हेंटही मिळतात. ते हळू वाळतात आणि तेही पेट घेतात, पण छातीला बरे.

महाग पडतं म्हणता, तर एका नमुन्याला दीड-दोन लिटर लागतं. कमी नमुने करण्यापेक्षा गाळून वापरायची सोय करा.

प्रश्न : मॅडम, मी पॉलिटेक्निकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशात डांबर भट्टीत जाळून टक्का काढतात असं शिकवलं. मग आपण हे हातयंत्र अजून का शिकायचं?
— विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : परदेशातच नाही, आपल्याकडच्या मोठ्या लॅबमध्येही इग्निशन भट्टी आहे. ५३८ अंशांना डांबर जळतं आणि घटलेलं वजन म्हणजे डांबर. सॉल्व्हेंट नाही, वाफ नाही. मला परवडली असती तर मी पहिल्या दिवशी घेतली असती.

पण तीही वजाबाकीच आहे, हे ध्यानात ठेव. आपल्या काळ्या दगडात पांढरे ठिपके, पोकळ्यांत भरलेले स्फटिक दिसतात. ते झिओलाइट. त्यांच्यात पाणी बांधलेलं असतं आणि भट्टीत ते उडतं. दगडाचं वजन घटतं आणि तेही डांबराच्या नावावर जातं. म्हणून त्याच खाणीची खडी आणि माहीत असलेलं डांबर घालून आधी नमुना करायचा, दगडाची घट किती ते काढायचं, मग खरी चाचणी. खाण बदलली की पुन्हा. हे न करता भट्टीनं छापून दिलेला आकडा दोन दशांशांपर्यंत सुंदर दिसतो, बाकी काही नाही. शिवाय राधानगरीच्या वरच्या अंगाला वीज गेली तर भट्टी गार, हँडल फिरतंच. दोन्ही शीक. आधी हात.

प्रश्न : आमच्या हातयंत्राच्या झाकणाचा रबरी वॉशर फुगून सैल होतो आणि फिरवताना घरघर आवाज येतो. नवीन यंत्र घ्यावं का?
— एक छोटी टेस्टिंग लॅब, गोकुळ शिरगाव

उत्तर : नाही. साधा रबर या सॉल्व्हेंटमध्ये फुगणारच. सॉल्व्हेंट सोसणारा वॉशर मागून घ्या आणि रोज काढून पुसून ठेवत जा. घरघर बहुधा उभ्या दांड्याच्या बेअरिंगची आहे, नाहीतर गिअरमध्ये कच शिरली आहे. सगळं उघडून धुवा, बेअरिंग बदला, ग्रीस थोडंच भरा, जास्त भरलंत तर ते बाऊलकडं सरकतं आणि तुमच्या वजनात येतं. टेबलाचे बोल्टही आवळा, अर्धा आवाज तिथलाच असतो. उद्यमनगरात दुरुस्तीला नेताना बाऊल, झाकण आणि दांडा एकत्र न्या, नुसतं माप सांगू नका. दांडा किंचित वाकला असेल तर तो बाऊल बसवून फिरवल्याशिवाय दिसत नाही.